काळा दगड आहे म्हणून डांबर टिकेलच असे नाही : रस्ते अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता, उपअभियंता व शाखा अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदांचे बांधकाम विभाग आणि महानगरपालिका व नगरपालिकांचे रस्ते विभाग, महाराष्ट्र राज्य
तसेच हॉट मिक्स प्लांटचे मालक व चालक

विषय : डांबरीकरणाच्या हंगामाआधी खडी व डांबर यांच्या चिकटण्याची तपासणी करणे आणि चुन्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद ठेवणे.

महोदय / महोदया,

पावसाळ्यात पडलेल्या कुठल्याही ताज्या खड्ड्याच्या काठावरून खडीचे चार-पाच तुकडे उचलावेत आणि उन्हात वाळवून पाहावेत. पुष्कळदा ते क्रशरखालून आत्ताच उचलल्यासारखे करडे, कोरडे आणि कोरे दिसतात. हीच खडी प्लांटमधून निघाली तेव्हा १६० अंश सेल्सिअसच्या आसपास डांबरात न्हालेली होती. ते डांबर जळाले नाही, झिजलेही नाही. पाण्याने ते दगडावरून सोलून काढले.

खड्ड्यांचा विषय निघाला की पाऊस, ओव्हरलोड ट्रक, पाइपलाइनची खोदाई आणि तुंबलेली गटारे यांची नावे येतात. ती कारणे खरीच आहेत. पण दगड आणि डांबर यांची पकड कामाआधी, त्याच खाणीच्या दगडावर आणि त्याच टँकरच्या डांबरावर तपासली होती का, हे क्वचितच विचारले जाते. तेवढ्याच प्रश्नासाठी हे पत्र आहे.

‘काळा दगड आहे, त्याला डांबर धरतेच’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ६५ टक्क्यांच्या पुढे जाते, गारगोटी तर जवळजवळ निव्वळ सिलिकाच. सिलिका जितकी जास्त तितका तो दगड पाण्याला जवळ करतो आणि डांबर सोडतो. या हिशेबाने बेसॉल्ट बरा, इथवर समज बरोबर आहे.

मात्र खाणीतून येणारा दगड एकजिनसी नसतो. लाव्हाच्या एकेका प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, हातोडी मारली की खणखणतो. वरचा भाग फुगेदार असतो आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि हिरवट मातकट खनिजे भरलेली असतात. झिओलाइट तापवले की पाणी सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा ओढून घेते. दोन प्रवाहांच्या मधे बऱ्याचदा तांबड्या मातीचा थर लागतो. खाणीचा कडा पाच-सहा मीटर मागे सरकला की घट्ट दगड संपून मांजऱ्या (हाच फुगेदार दगड) सुरू होऊ शकतो. मग दोन वर्षांपूर्वीचा चाचणी अहवाल त्या खाणीचा असला तरी आजच्या खडीचा राहत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे नीस, ग्रॅनाइट आणि क्वार्टझाइट वापरात येतो, सिंधुदुर्गातही क्वार्टझाइट आहे. तिथे तर काळ्या दगडाचा हा दिलासा मुळातच लागू नाही.

चिकटण्याची क्रिया नेमकी कशी होते ते थोडक्यात मांडतो, कारण पुढची सगळी काळजी त्यातूनच येते. दगडाचा पृष्ठभाग ध्रुवीय असतो, म्हणजे त्यावर विद्युतभार मोकळे असतात. पाण्याचा रेणूही ध्रुवीय. डांबराचा बहुतांश भाग तेलकट आणि अध्रुवीय. म्हणून दगडाला डांबरापेक्षा पाणी जवळचे. प्लांटमध्ये आपण उष्णतेने पाणी हुसकावतो आणि रिकाम्या झालेल्या जागेवर डांबर बसवतो. डांबरातले थोडे ध्रुवीय घटक, म्हणजे कार्बोक्झिलिक आम्ले, सल्फॉक्साइड आणि नायट्रोजनची संयुगे, दगडाला पकडतात. यातली आम्ले दगडाला उत्सुकतेने धरतात, पण पाणी आले की त्यांचीच पकड आधी सुटते. दगडाच्या पृष्ठभागावर मोकळे कॅल्शियम असेल तर याच आम्लांचे पाण्यात न विरघळणारे क्षार बनतात आणि पकड राहते. चुन्याचे महत्त्व इथे आहे.

दाट मिश्रणात खडीभोवतीचा डांबराचा पापुद्रा सरासरी ६ ते ८ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण दहावा भाग. खडीच्या धारदार कडांवर तो याहूनही पातळ होतो. तिथूनच पाणी आत शिरते आणि पापुद्र्याखालून पसरत जाते. वरून ट्रकचे चाक जाते तेव्हा टायरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७-८ किलो असतो. चाकापुढे पाणी पोकळ्यांत दाबले जाते, चाक पुढे गेले की तेच पाणी मागे खेचले जाते. एका पावसाळी रात्रीत वर्दळीच्या रस्त्यावर हे हजारो वेळा घडते.

आता डांबराची बाजू. आपण व्हीजी-३० (घट्टपणावरून ठरणारा डांबराचा एक ग्रेड) मागवतो आणि टँकरसोबतचा अहवाल आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकाप्रमाणे पाहतो. त्यात व्हिस्कॉसिटी, पेनिट्रेशन, सॉफ्टनिंग पॉइंट, फ्लॅश पॉइंट असते. दगडाला ते डांबर किती धरेल याची एकही चाचणी त्यात नाही. रिफायनरीतले कच्चे तेल बदलले की ग्रेड तोच राहतो, पण आम्लांचे प्रमाण बदलते. म्हणून पकडीची चाचणी नेहमी जोडीची असते : हा दगड आणि हे डांबर. एकाचा अहवाल दुसऱ्याला चालत नाही.

सर्वात जास्त नुकसान आमच्या मते धुळीने होते. खडीवर क्रशरच्या डस्टचा थर असेल तर डांबर धुळीला चिकटते, दगडाला नाही. धूळ पाणी शोषते आणि पापुद्रा सालीसारखा निघून येतो. मॉर्थच्या (केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या) रस्तेकामाच्या विनिर्देशांच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत खडीत ७५ मायक्रॉनच्या खालची धूळ ५ टक्क्यांहून अधिक नसावी असे आहे. पण कोरड्या चाळणीने खडीला चिकटलेली धूळ कळत नाही, ती दगडासोबत वरच राहते. धुऊन चाळलेच पाहिजे. साइटवर एवढे तरी करता येते : १० मिमी खडीची एक ओंजळ काचेच्या बरणीत घाला, स्वच्छ पाणी ओता, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटे ठेवा. पाणी चहासारखे गढूळच राहिले तर ती नुसती दगडाची भुकटी नव्हे, त्यात चिकणमाती आहे. दगडाची भुकटी लवकर खाली बसते, चिकणमाती तरंगत राहते. असे झाले की बारीक मालावर सँड इक्विव्हॅलंट चाचणी (मालात चिकणमातीच्या तुलनेत वाळू किती हे सांगणारी) करून घ्या. तिचा आकडा ५० च्या वर हवा. शिवाय ०.४२५ मिमीखालच्या मालाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातकट चिकटपणाचा आकडा) ४ च्या आत हवा. फुगेदार बेसॉल्टची कच याच दोन चाचण्यांत पकडली जाते.

उपाय क्रशरवरच करायचा असतो. जबड्यात माल जाण्याआधी माती चाळून बाजूला काढणारी चाळणी असावी, खाणीतला तांबडा थर वेगळा उचलावा, आणि खडीचा ढीग मुरमाच्या जमिनीवर न टाकता पक्क्या फरशीवर टाकावा. लोडरने ढिगाच्या तळाची शेवटची वीतभर खडी उचलू नये. ती मातीतच मळलेली असते.

ओलावा हा दुसरा शत्रू. नोव्हेंबरात प्लांट सुरू होतो तेव्हा डस्टच्या ढिगाच्या पोटात पावसाळ्याचे पाणी असतेच. एक टन मालात ४ टक्के ओलावा म्हणजे ४० लिटर पाणी. ते तापवून वाफ करायला, हिशेबाने पाहिले तर, जवळपास ३ लिटर डिझेलची उष्णता लागते, आणि ड्रममध्ये (खडी वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये) वाया जाणारी उष्णता धरली तर त्याहून अधिक. हे इंधन वाचवण्यासाठी किंवा उत्पादन वाढवण्यासाठी माल ड्रममधून भराभर काढला की खडी बाहेरून तापते आणि आतून ओली राहते. डांबर चढल्यावर आतले पाणी वाफ होऊन बाहेर येते आणि पापुद्र्याला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पाडते. ट्रकमधल्या मिश्रणातून दाट वाफ येत असेल, ते शंकूसारखे उभे न राहता खिमटासारखे पसरत असेल, तर तो ओलावाच आहे. अशा वेळी डांबर जास्त झाले असे समजून डांबर कमी केले जाते आणि चूक दुप्पट होते. मिश्रणाचा एक किलो नमुना ११० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पाहावा. घट अर्ध्या टक्क्याहून जास्त नको. डस्टच्या ढिगावर साधा पत्रा घातला तरी निम्मी लढाई जिंकली जाते.

चिमणीतून काळा धूर निघत असेल तर तोही पकडीचाच प्रश्न आहे. बर्नरमध्ये अर्धवट जळालेले इंधन तेलकट काजळी होऊन खडीवर बसते आणि डांबराला दगड मिळत नाही. तापमानाचे आकडे आपल्याला पाठ आहेत, तरी उल्लेख करतो : व्हीजी-३० साठी डांबर १५० ते १६५ अंश, खडी १५० ते १७०, आणि दोहोंत १४ अंशांहून अधिक फरक नको.

आता चाचणीविषयी सविस्तर लिहितो, कारण आयएस ६२४१ ची स्थिर बुडवण चाचणी स्वस्त आहे, कुठल्याही तंत्रनिकेतनात होते, आणि तरीही ती अनेकदा चुकीची वाचली जाते. २० मिमीतून गेलेली आणि १२.५ मिमीवर राहिलेली खडी २०० ग्रॅम घ्यायची, १५० अंशांवर तापवायची. तिच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे १० ग्रॅम डांबर १६० अंशांवर तापवून तिच्यात घोळवायचे. प्रत्येक तुकडा काळाभोर झाला की ५०० मिलिलिटरच्या बीकरमध्ये घालून दोन तास थंड होऊ द्यायचे, मग खडी बुडेल इतके डिस्टिल्ड पाणी ओतून ४० अंशांच्या वॉटर बाथमध्ये २४ तास ठेवायचे. त्यानंतर किती पृष्ठभाग उघडा पडला ते डोळ्यांनी ठरवायचे. किमान ९५ टक्के पृष्ठभाग झाकलेला राहिला पाहिजे.

‘डोळ्यांनी ठरवायचे’ इथेच आपला काळा दगड दगा देतो. ओला बेसॉल्टही काळा, डांबरही काळे. पाण्यातूनच पाहिले तर उघडा पडलेला दगडही झाकलेला वाटतो. ग्रॅनाइटवर पांढरा डाग लगेच दिसतो, बेसॉल्टवर दिसत नाही. म्हणून २४ तासांनंतर पाण्यातून पाहून एक निरीक्षण नोंदवा, मग पाणी काढून तुकडे पांढऱ्या कागदावर एकेक वेगळे पसरा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहा. डांबर चकाकते, उघडा दगड करडा आणि निस्तेज दिसतो. शेजारी न बुडवलेले चार तुकडे तुलनेला ठेवा. दोन माणसांनी वेगवेगळे आकडे लिहावेत. आणि डिस्टिल्ड पाण्यासोबतच तशीच दुसरी चाचणी साइटवरच्या बोअरच्या पाण्यात करून पाहावी. खनिजांमुळे पाणी अल्कधर्मी झाले की आम्लांची पकड आणखी सैल होते.

घाई असेल तर उकळीची चाचणी : प्लांटमधून आलेले सैल मिश्रण उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे, वर तरंगलेले डांबर टिपून काढायचे, मग कागदावर पसरून वरच्यासारखेच पाहायचे. ही रोज सकाळी पहिल्या ट्रकवर करता येते. तिने बिघाड पकडला जातो. पण ती उत्तीर्ण झाली म्हणजे काम झाले असे नाही.

कारण बुडवण आणि उकळी या दोन्ही सैल खडीवरच्या चाचण्या आहेत, त्यांत वाहतुकीचा दाब नाही, पोकळ्या नाहीत. खरी परीक्षा टेन्साइल स्ट्रेंग्थ रेशोची (टीएसआर, म्हणजे ओल्या व कोरड्या ठोकळ्यांच्या ताकदीचे गुणोत्तर), अमेरिकी आश्टो संस्थेच्या टी-२८३ चाचणीची. साधारण ७ टक्के पोकळी राहील असे ठोकळे बनवायचे, निम्मे कोरडे ठेवायचे, निम्म्यांच्या पोकळ्या पंपाने ७० ते ८० टक्के पाण्याने भरायच्या, ६० अंशांच्या पाण्यात २४ तास, मग २५ अंशांवर आणून दोन्ही संच मिनिटाला ५० मिमी वेगाने आडवे दाबून फोडायचे. ओल्यांची ताकद कोरड्यांच्या किमान ८० टक्के हवी. फोडल्यावर आकडा लिहून तुकडे फेकून देऊ नका. फुटलेला चेहरा पाहा. भेग डांबरातून गेली असेल तर पकड ठीक आहे. करड्या खडीचे तोंड उघडे दिसत असेल तर आकडा ८१ आला तरी सावध व्हा.

चाचणीत नापास झालेला दगड टाकून द्यावाच असे नाही. मॉर्थमध्येच तरतूद आहे : पाण्याच्या चाचणीत खडी उतरली नाही तर एकूण खडीच्या वजनाच्या २ टक्के हायड्रेटेड चुना घालावा. ७ मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला ३० मिमी बिटुमिनस काँक्रीट म्हणजे सुमारे ५०० टन मिश्रण. ५.४ टक्के डांबर धरले तर डांबर २७ टन आणि चुना साडेनऊ टन. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. २७ टन डांबराची पकड राखायला साडेनऊ टन चुना लागतो, आणि चुन्याचा दर डांबराच्या दराच्या आसपासही नाही. तरी तो बहुधा अंदाजपत्रकात नसतो, म्हणून कंत्राटदाराच्या माथी बसतो, आणि म्हणून फिलरच्या (पोकळ्या भरणाऱ्या बारीक पुडीच्या) नावाखाली ड्रायरची धूळच पुन्हा मिश्रणात जाते.

चुना म्हणजे विरलेला, कोरडी पूड झालेला, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. कळीचा चुना चालत नाही, तो रस्त्यातल्या पाण्याने विरून फुगतो. मैदान आखायची फक्कीही चालत नाही, ती पुष्कळदा नुसती चुनखडीची भुकटी असते. जुनी, उघडी पोती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतात. ओळखायला सोपे आहे : चिमूटभर पुडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसली तर चुना मेला आहे. ताजा हायड्रेटेड चुना जवळजवळ फसफसत नाही. तो घालायची उत्तम रीत म्हणजे किंचित ओल्या खडीवर, ड्रायरच्या आधी, पगमिलमध्ये (फिरत्या पात्यांच्या मिक्सरमध्ये) घोळवणे, कारण दगडाच्या पृष्ठभागावर बसायला त्याला ओल लागते. ते जमत नसेल तर फिलरच्या सायलोतून द्या. त्यात वजनाचा फीडर चालू आहे का आणि दिवसाअखेर पोती किती संपली, हे दोन्ही जुळवा. साठ टन मिश्रणाला १.१ टनाच्या आसपास चुना संपायला हवा. हा ताळा दुसऱ्या कुठल्याही तपासणीपेक्षा खरे सांगतो.

अमाइनची द्रव रसायने डांबराच्या वजनाच्या ०.२ ते ०.५ टक्के वापरतात. सोयीची आहेत, पण काही प्रकार तापलेल्या टाकीत दिवसेंदिवस राहिले की निकामी होतात. म्हणून टँकर आला तेव्हा मिसळून आठवडाभर १६० अंशांवर ठेवू नये, वापराच्या दिवशी मिसळावे आणि अर्धा-पाऊण तास फिरवावे. टाकी न फिरवता वरून ओतलेला डबा वरच राहतो. रसायन घातल्यावर तीच चाचणी त्याच दगडावर पुन्हा करा. एका खाणीला लागू पडलेले रसायन शेजारच्या खाणीला पडेलच असे नाही.

पकड चांगली असूनही रस्ता जातो तो दबाई कमी झाल्यामुळे. डिझाइनमध्ये ४ टक्के पोकळी धरतो. रस्त्यावर ती ८ टक्क्यांच्या वर गेली की पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला वाट मिळते, पण निचरा होण्याइतकी मोकळी वाट नसते. पाणी आत अडकून राहते. ८ ते १२ टक्के हा सर्वात वाईट पट्टा. व्हीजी-३० चे मिश्रण ९० अंशांखाली गेल्यावर व्हायब्रेटरी रोलर फिरवला तर थर दबत नाही, उलट खडी फुटते. पातळ थरात चपटी खडी असेल तर नक्कीच. फुटलेल्या खडीचे दोन नवे चेहरे कोरे असतात, त्यांना डांबर कधीच लागलेले नसते. रोलरमागे करडे ठिपके दिसले तर कंपन तिथेच थांबवा.

टॅक कोटचे (जुन्या व नव्या थराला जोडणाऱ्या पातळ फवाऱ्याचे) थोडक्यात : जुन्या डांबरी पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो आरएस-१ इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर), तेही हवेने धूळ उडवलेल्या कोरड्या पृष्ठभागावर, आणि तपकिरी रंग काळा होईपर्यंत पेव्हर (मिश्रण पसरवणारे यंत्र) थांबलेला.

दुरुस्तीला जाताना रस्त्याच्या खुणा वाचा. डांबर खालून वर सुटत जाते, म्हणून वरचा पृष्ठभाग शेवटपर्यंत चांगला दिसतो. पाऊस थांबल्यावर चाकाच्या पट्ट्यात पांढरट ओघळ दिसले तर खालची बारीक धूळ पंपासारखी वर फेकली जात आहे. त्याच पट्ट्यात डांबराचे तेलकट चकाकते ठिपके दिसले तर सुटलेले डांबर वर येत आहे. अशा जागी वर नवा थर टाकणे म्हणजे सुटलेल्या खडीवर झाकण ठेवणे. कोअर (थराचा गोल कापलेला नमुना) काढा, तळाची खडी बोटांनी मोकळी होते का ते पाहा, आणि जिथपर्यंत होते तिथपर्यंत खरवडून काढा.

या हंगामासाठी आमच्या मागण्या अशा. खाणीचा कडा किंवा डांबराचा पुरवठादार बदलला की बुडवण चाचणी आणि टीएसआर नव्याने, त्याच जोडीवर व्हावी. चुना हायड्रेटेड आणि २ टक्के, ही स्वतंत्र बाब म्हणून अंदाजपत्रकात यावी, म्हणजे तो घालणाऱ्याचा तोटा होणार नाही. उकळीची चाचणी रोज पहिल्या ट्रकवर व्हावी आणि तिचा वाळलेल्या खडीचा फोटो मोजमाप पुस्तिकेसोबत जोडावा. आणि बुडवण चाचणीतली वाळलेली खडी फेकून न देता, खाणीचे नाव, कडा, टँकरचा क्रमांक आणि तारीख लिहून पारदर्शक पिशवीत सीलबंद ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात त्या किलोमीटरला खड्डा पडला तर त्याच्या काठावरची खडी आणि ही पिशवीतली खडी एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल.

आपले,
डांबरी रस्त्यांच्या साहित्याची चाचणी करणारे अभियंते व प्रयोगशाळा तंत्रज्ञ